अनोळखी हातांचं एकच वळण

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातलं गाव, परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं स्टेशन. अंबाजोगाईला रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या माणसालाही गाडी धरायची तर घाटनांदूर नाहीतर परळी गाठावी लागते. बीड जिल्हा आणि बाहेरगावी जाणं यांचं नातं जुनं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि आता संगणकाची पदवी घेतलेली पोरं पुण्या-हैदराबादची वाट धरतात. काम असेल तिथे आपण जायचं, हा इथला रिवाज.

संगणकाच्या जगात एक काम मात्र असं आहे, की त्याला गाव सोडावं लागत नाही, वशिला लागत नाही आणि मुलाखतही द्यावी लागत नाही. ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा आणि केलेला बदल परत पाठवावा, अशा ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं हे काम. घाटनांदूरच्या एखाद्या मुलीने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून एक बदल पाठवला, तर तो तपासणाऱ्याला तिचं कॉलेज, जात, मार्क किंवा इंग्रजीचा उच्चार यांच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर कोडच्या चार ओळी असतात. त्या घ्यायच्या की परत पाठवायच्या, हे बऱ्याच अंशी एका लेखी कागदावर ठरतं. बाहेरून येणाऱ्यांनी या प्रकल्पात कोड कसा लिहावा, त्याचे नियम त्यावर असतात. त्यांना कोडिंग स्टँडर्ड्स म्हणतात.

विषय कोरडा वाटेल. मला तो समान संधीचा विषय वाटतो. जिथे नियम लिहिलेले नसतात तिथेही ते असतातच. फक्त ते आतल्या चार जणांच्या डोक्यात असतात, आणि बाहेरचा माणूस ठेचा खात ते शिकतो किंवा कंटाळून निघून जातो. लेखी नियमांमुळे आत-बाहेरचा हा भेद पुष्कळसा पुसला जातो. म्हणून या नियमांकडे जाच म्हणून पाहणाऱ्यांशी माझा वाद आहे.

उदाहरण आपल्या मुंबईतलंच घेऊ. २००८ साली रुषभ मेहता यांनी वेब नोट्स नावाची कंपनी काढली. आज ती फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. ईआरपीनेक्स्ट हे तिचं सॉफ्टवेअर कारखान्या-दुकानांचे हिशेब, मालाचा साठा, खरेदी-विक्री सांभाळतं. ते ज्या पायावर उभं आहे ती लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड), म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क, पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे. दोन्हींचा सगळा कोड गिटहब या संकेतस्थळावर उघडा आहे आणि कुणीही त्यात बदल सुचवू शकतो. असा सुचवलेला बदल म्हणजे पुल रिक्वेस्ट.

तिथले नियम वाचले की आधी बारीकसारीक गोष्टी लागतात. ओळ आत सरकवायची तर टॅब वापरा, स्पेस नको. ओळीची लांबी ११० अक्षरांच्या आत ठेवा. बदलाच्या मथळ्याच्या सुरुवातीला तो कोणत्या जातीचा आहे ते लिहा: चूक दुरुस्त केली असेल तर ‘फिक्स’, नवी सोय असेल तर ‘फीट’, नुसती साफसफाई असेल तर ‘चोर’. पडद्यावर काही वेगळं दिसणार असेल तर त्याचं चित्र जोडा. बदलाबरोबर टेस्ट, म्हणजे तो बदल नीट चालतो का हे आपोआप तपासणारा कोड, जोडा. दुरुस्ती आधी ‘डेव्हलप’ या मुख्य शाखेत करा. जुन्या आवृत्त्यांत ती मागाहून नेली जाईल.

यातला टॅबचा नियम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. पायथॉन भाषेचा स्वतःचा शैलीनियम २००१ सालचा. त्याचं नाव पेप ८, आणि भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम त्याच्या कर्त्यांपैकी एक. त्यात चार स्पेस वापरा आणि ओळ ७९ अक्षरांत संपवा, असं सांगितलं आहे. फ्रॅपेने दोन्ही बाबतींत वेगळी वाट धरली. मग फ्रॅपेवाले चुकले का? मुळीच नाही, कारण पेप ८ मध्येच म्हटलं आहे की एका प्रकल्पाच्या आतला सारखेपणा हा या नियमापेक्षा मोठा. टॅब श्रेष्ठ की स्पेस या वादात शिकणाऱ्यांची वर्षं गेली आहेत. त्याचं उत्तर इतकंच आहे की ज्या घरात जाल तिथली रीत पाळा, आणि ती रीत दारावर लिहिलेली असू द्या.

हे नियम माणूस एकेक करून तपासत बसत नाही. पुल रिक्वेस्ट आली की आधी यंत्र ती चाळतं. मांडणी बिघडली असेल, मथळा चुकला असेल, जुनी टेस्ट मोडली असेल, तर लाल फुली येते आणि खाली कारण दिसतं. नवख्याला ती फुली लागते खरी. पण यंत्र ओळखीच्याला सूट देत नाही आणि अनोळखी नाव पाहून कपाळाला आठी घालत नाही. मुख्य कार्यालयात बसणाऱ्याला जी फुली, तीच घाटनांदूरला बसणारीला. किरकोळ चुका यंत्राने सांगितल्या की तपासणारा माणूस आपला वेळ खऱ्या प्रश्नाला देऊ शकतो: हा बदल बरोबर आहे का आणि तो हवा आहे का?

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो फ्रॅपेचा भाषांतराविषयीचा नियम, कारण तो थेट मराठीच्या पदरात पडतो. समजा, कुणी कोड लिहिला की आधी ‘कॅनॉट डिलीट’ हे शब्द, पुढे गिऱ्हाइकाच्या खात्याचं नाव, त्यापुढे ‘बिकॉज इट इज लिंक्ड विथ’ आणि शेवटी बिलाचा क्रमांक. चार तुकडे, मध्ये अधिकची चिन्हं. इंग्रजीत वाक्य झकास उमटतं. भाषांतर करणाऱ्याच्या हाती मात्र दोन सुटे तुकडे येतात. मराठीत आपण कारण आधी सांगतो आणि नकार शेवटी: अमुक बिलाशी जोडलेलं असल्यामुळे हे खातं काढून टाकता येत नाही. खात्याचं नाव आधी आणि बिल नंतर, हा क्रम कोडात गोठलेला असल्याने कितीही चांगला भाषांतरकार आणला तरी त्याच्या हातून नीट मराठी वाक्य होणार नाही. तो जे देईल ते मोडकंतोडकंच असेल, आणि वाचणारा म्हणेल की मराठीत संगणक वापरणं नकोच.

म्हणून नियम असा आहे की वाक्य अख्खं एकाच अवतरणात लिहा. बदलत्या मजकुराच्या जागी महिरपी कंसात शून्य, एक असे आकडे ठेवा, म्हणजे भाषांतर करणारा ‘एक’ आधी आणि ‘शून्य’ नंतर घेऊ शकेल. त्याचाच पोटनियम: नाव, क्रमांक वगैरे वाक्यात भरायचे ते भाषांतर होऊन आल्यावर, आधी नाही. आधी भरले तर संगणक गिऱ्हाइकाच्या नावासकट अख्खं वाक्य भाषांतराच्या यादीत शोधू लागतो. तसं वाक्य यादीत कधीच सापडत नाही, आणि तो गुपचूप इंग्रजी मजकूर दाखवतो. कुठे चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. ही चूक पकडायला फ्रॅपेने सेमग्रेप या हत्याराचे स्वतःचे नियम लिहून ठेवले आहेत. वाक्य तोडलं, भाषांतराच्या मजकुरात उगाच शेवटी मोकळी जागा सोडली किंवा तो रिकामाच ठेवला, तर पुल रिक्वेस्टवर लगेच खूण होते. ज्याला मराठीचा गंध नाही असा परदेशी प्रोग्रामरसुद्धा या नियमामुळे मराठीला जागा ठेवून लिहितो. हे काम शंभर भाषणांनी झालं नसतं.

तरी नियम सगळं सोडवत नाहीत. महिरपी कंसात गावाचं नाव येणार असेल आणि पुढे ‘ला’ लावायचा असेल, तर लातूरचं लातूरला होतं, परळीचं परळीला होतं, पण पुणेचं पुण्याला झालं पाहिजे. कोडला सामान्यरूप ठाऊक नाही. मग अनुवादक ‘पुणे येथे’ लिहून वेळ मारून नेतो आणि सरकारी नोटिशीसारखी भाषा तयार होते. क्रमवाचकांचंही तसंच. इंग्रजीत १ आणि २१ यांना एकच शेपूट लागतं. मराठीत १ला, २रा, ३रा, ४था आणि पुढे सगळे वा. युनिकोड या लिप्यांच्या जागतिक मानकाच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात मराठीचे हे चार गट रीतसर नोंदलेले आहेत, आणि एक लाखातला स्वल्पविराम कुठे पडतो हेही. म्हणून चांगल्या प्रकल्पांचा नियम असतो की तारखा, आकडे, क्रम यांची मांडणी स्वतः हाताने जुळवू नका, त्या साठ्याकडून मागून घ्या.

दुसऱ्याच्या लेखनात हात घालताना कोणती शिस्त पाळावी, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४. पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर जवळपास तीनशे वर्षं नकला होत आल्या होत्या, आणि नकलेगणिक पाठ बिघडत गेले होते. नाथांनी अशुद्ध पाठ दूर केले आणि काम संपवताना ओव्यांतच ताकीद दिली, की यापुढे कुणी आपल्या पदरची ओवी यात घातली तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवण्यासारखं होईल. त्यांनी आधी साफसफाई केली, मग नियम लिहिला, आणि तो प्रत्येक नकलकाराच्या नजरेस पडेल अशा जागी, ग्रंथाच्या शेवटीच ठेवला. आजचे जाणते प्रकल्पही आपले नियम कोडच्या शेजारीच, त्याच रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवतात. फरक मात्र मोठा आहे. नाथांना ग्रंथ होता तसा राखायचा होता, म्हणून त्यांनी भर घालायला मनाई केली. ओपन सोर्सला भर हवी आहे, रोज हवी आहे, तीही अनोळखी हातांकडून. सगळ्यांना लिहू द्यायचं आणि तरी वळण एकच राहावं, हे जास्त अवघड काम आहे.

वळण बिघडलं की काय होतं याचा दाखला फेब्रुवारी २०१४ चा. ॲपलच्या फोनवर आणि संगणकावर सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या कोडात ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा, एकीखाली एक पडली होती. वरच्या ‘इफ’ला महिरपी कंस घातलेले नव्हते. पहिली ओळ त्या अटीला बांधलेली होती. दुसरी कुणालाच बांधलेली नव्हती, फक्त तितकीच आत सरकवलेली असल्यामुळे तशी दिसत होती. परिणामी तपासणी अर्ध्यात सोडून कोड प्रत्येक वेळी शेवटाकडे उडी मारायचा, आणि तोवर चूक सापडलेली नसल्यामुळे ‘सगळं ठीक’ असं उत्तर द्यायचा. समोरची वेबसाइट खरी की तोतया, हे न पाहताच दार उघडलं जात होतं. हा कोड ॲपलने जाहीर केलेला होता, कुणीही वाचू शकत होतं. ‘इफ’ला नेहमी कंस घाला, हा कंटाळवाणा नियम पाळला असता तर ती जादा ओळ निरुपद्रवी ठरण्याची किंवा लगेच डोळ्यांत भरण्याची शक्यता पुष्कळ होती. मांडणी एक सांगते आणि अर्थ वेगळा, अशा जागी इशारा देण्याची सोय पुढे २०१६ मध्ये जीसीसी या कंपायलरने, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, नेहमीच्या इशाऱ्यांत सामील केली.

२०१४ च्याच एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचा दोष सापडला. जगातल्या असंख्य वेबसाइटी जिच्यावर विसंबून होत्या, ती लायब्ररी मोजकी माणसं तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळत होती, आणि तिचा कोड वाचायला अतिशय किचकट होता. त्या धक्क्यानंतर तिथल्या मंडळींनी कोडिंगची शैली लिहून काढली आणि २०१५ च्या सुरुवातीला सगळा कोड नव्या वळणात बसवला. हे काम दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं, असं मला वाटतं. पण इतक्या तुटपुंज्या मदतीवर राबणाऱ्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

मराठीच्या जवळचा आणखी एक धोका सांगतो. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य, हा आडवा रफार, मराठीची खास गरज. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह. आता एखाद्या लायब्ररीत कुणी चांगल्या हेतूने बदल केला, की मजकुरातली अदृश्य चिन्हं कचरा आहेत, काढून टाका. इंग्रजीच्या सगळ्या टेस्ट हिरव्या होतील. आणि दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार चढून बसेल. अशा वेळी उपाय एकच: मराठीचा तो शब्द टेस्टमध्ये घालून ठेवणं, म्हणजे पुढे कुणीही तो बदल करायला गेलं की लाल फुली येईल. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते. तिच्यात वेगवेगळ्या लिप्यांचे असे भरपूर नमुने टेस्ट म्हणून साठवलेले आहेत. मराठीचा नमुना मराठी माणसाने दिला नाही तर तो कोण देणार?

नियमांची मर्यादाही सांगितली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या लायब्ररीत चोरदार सापडलं. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ तिथे नीटनेटके, उपयोगी बदल पाठवले, ती लायब्ररी सांभाळणाऱ्या, दमलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला, आणि अधिकार हाती आल्यावर ते दार बसवलं. त्याचा काही भाग टेस्टच्या फाइलींत दडवलेला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने पिच्छा पुरवला म्हणून अनर्थ टळला. नियमांनी वळण तपासता येतं. माणसाचा हेतू तपासायला जागं माणूसच लागतं, आणि त्या माणसाला मदतीला हात लागतात.

माणसाच्या वागण्याचाही नियम असतो. लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्याची, कोडिंग शैली त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फार पूर्वी लिहून ठेवली. आठ अक्षरांएवढा रुंद टॅब, तीन पातळ्यांहून खोल गेलात तर तुमचा कोडच चुकलाय, अशी ती रोखठोक शैली. कोडबद्दल इतका काटेकोर असलेला हा प्रकल्प बोलण्याच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं मोकाट होता. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट वागण्याबद्दल माफी मागितली, काही काळ रजा घेतली, आणि प्रकल्पाने वर्तनाची लेखी आचारसंहिता स्वीकारली. नवख्याच्या चुकीवर तपासणाऱ्याने लिहिलेलं एक खोचक वाक्य त्याला कायमचं परत पाठवू शकतं. ज्या घरात यापूर्वी कुणी संगणकाला हात लावलेला नाही, तिथून आलेल्या मुलाला तर ते जास्तच लागतं.

उलट बाजूही आहे, आणि ती आपल्याला झोंबणारी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये, पुल रिक्वेस्टी पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात, तो मिळवण्यासाठी जगभरातल्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टींचा पाऊस पडला. माहितीच्या पानात एखादं विशेषण घुसडायचं आणि झालं योगदान. त्यात भारतीय विद्यार्थ्यांचा मोठा भरणा होता. आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पाची तयारी असेल तेवढेच धरायचे असं ठरवावं लागलं. आता एआयकडून लिहून घेतलेले, स्वतः न वाचलेले बदल आणि बनावट तक्रारी येत आहेत. कर्ल या लायब्ररीचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी त्या त्रासाबद्दल उघडपणे लिहिलं आहे. मी त्या मुलांना नालायक म्हणणार नाही. बायोडाटावर ओपन सोर्स लिहा, असं त्यांना सांगितलं गेलं. दुसऱ्याचा कोड कसा वाचावा हे कुणी शिकवलं नाही. आपल्या महाविद्यालयांत प्रोग्राम लिहायचा तो कोऱ्या पानावर, एकट्याने, जर्नल भरून सही घेण्यापुरता. दहा वर्षं जुन्या, शंभर जणांनी लिहिलेल्या कोडात शिरून एक ओळ बरोबर बदलायची, ही खरी नोकरीतली रीत. तिला अभ्यासक्रमात जागा नाही. हे बदललं पाहिजे आणि त्याला पैसा लागत नाही. अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शिक्षकाने सत्रातले चार तास एखाद्या प्रकल्पाचे नियम वर्गात वाचायला दिले तरी सुरुवात होते.

तेव्हा येत्या सुट्टीत, तुमच्या घरात कुणी कोड लिहिणारं असेल तर त्याच्या हाती हा लेख द्या. त्याने फ्रॅपे घ्यावा, हार्फबझ घ्यावा, नाहीतर आपण रोज वापरतो ती दुसरी कोणतीही लायब्ररी, आणि कोड उघडण्याआधी योगदानाचे नियम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावेत. मग मराठीत मोडलेलं एखादं वाक्य, चुकलेला रफार, भलतीकडे पडलेला लाखाचा स्वल्पविराम असं काहीतरी एकच शोधावं. तेवढंच दुरुस्त करावं, टेस्ट जोडावी, मथळा नीट लिहावा आणि पाठवावं. लाल फुली आली तर खालचं कारण वाचून पुन्हा पाठवावं.